चार जुन्या डबड्यांवर आयथ्री टाकू, का अख्खं डेस्कटॉप?

मांजराकाठ | रविवार, रात्री ९:१२

राम राम मंडळी, जरा सल्ला पाहिजे. तालुक्याच्या गावाला माझं छोटं सेवा केंद्र हाय. उत्पन्नाचे दाखले, पीकविमा, पोरांचे परीक्षेचे फॉर्म, आणि लगीनसराईत पत्रिका. पाच मशिनी हायेत, त्यातल्या चार सेकंडहँड, ४ जीबी रॅमवाल्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ काय ह्या डबड्यांवर चढत नाही. अंगठ्याच्या मशीनसाठी आणि डिजिटल सहीसाठी पाचवं मशीन हाय तसंच विंडोजवर ठेवतोय (त्यावर प्रवचन नको, कृपया), बाकी चारीवर लिनक्स टाकायचं पक्कं झालंय.

आता प्रश्न. मी स्वतः पाच वर्षं झालं नुसता आयथ्री वापरतो (प्रोसेसर नव्हे, स्क्रीनवर खिडक्या मांडून देणारा विंडो मॅनेजर). ना मेनू ना आयकॉन, वर एक पट्टी आन बास. मशीन चालू झाल्यावर ४०० एमबीत बसतंय सगळं. मला तर हे केडीई-ग्नोमसारखे अख्खे डेस्कटॉप म्हणजे मालापेक्षा बारदाना जड असं वाटतंय. पण केंद्रात दोन ऑपरेटर हायेत, एक बारावी झालेला पोरगा आन एक ताई. त्यांना ब्राउझर, पीडीएफ, मराठी टायपिंग, प्रिंट, स्कॅन एवढंच लागतं. तर मग सरळ आयथ्रीच टाकून चार शॉर्टकट शिकवावेत का? अख्ख्या डेस्कटॉपचा खरंच काही फायदा असतोय, का नुसती सवय?

विष्णुपुरी | रविवार, रात्री ९:२०

आयथ्री कावून? हायपरलँड टाका की सरळ. खिडक्या उघडायल्यात तर असं मख्खन ॲनिमेशन. माझ्या सेटअपचा फोटो टाकू का?

बिंदुसरा | रविवार, रात्री ९:२४

नको रे बाबा. मागच्या वेळी टाकलास त्यात तीन टर्मिनल, एकात मांजर, एकात घड्याळ, एकात रंगीबेरंगी पट्ट्या. काम कुठं करतोस ते काय दिसलं नाही.

विष्णुपुरी | रविवार, रात्री ९:२५

फोटो काढणं हेच काम असतंय काका 😄

गुरुजी_खडूवाले | रविवार, रात्री ९:५१

वाचतोय. आमच्या जिल्हा परिषद शाळेतही दान आलेली सात मशीन आहेत, त्यामुळे रुमाल टाकून ठेवतो.

वाळूजचा_जुना | रविवार, रात्री १०:३७

"नुसती सवय का" ह्याला जरा मागे जावं लागेल, लांबलं तर सांभाळून घ्या.

१९९७-९८ ला मी वाळूजच्या एका कंपनीत डिझाइनला होतो. तिथं एचपीच्या वर्कस्टेशनवर सीडीई नावाचं डेस्कटॉप होतं. खाली जाडजूड पट्टा, मधोमध चार डेस्कटॉपची चार बटणं. दिसायला ओबडधोबड, पण एकदा कळलं की सगळं कळलं. मग हौसेनं घरी लिनक्स टाकलं, त्यावर नुसता विंडो मॅनेजर, एफव्हीडब्ल्यूएम. आणि रोज डोकं फिरायचं. एक्सटर्म ह्या टर्मिनलची स्क्रोलबार घ्या. डावं बटण दाबलं की मजकूर खाली जायचा, वर यायला त्याच पट्टीवर उजवं बटण दाबायचं. दुसऱ्या प्रोग्राममध्ये तीच पट्टी ओढायची. तिसऱ्यात टोकाला बाण. कॉपी करायचं तर एकीकडं नुसतं सिलेक्ट करून मधलं बटण, एकीकडं मेनूतून. एकाच स्क्रीनवर पाच प्रोग्राम आणि पाचही पाच गावचे.

हेच दुखणं घेऊन ट्युबिंगन विद्यापीठातल्या मथियास एट्रिच नावाच्या विद्यार्थ्यानं १४ ऑक्टोबर १९९६ ला केडीईची घोषणा केली. (तारीख बघा, विंडोज १० बंद झालं त्याच दिवशी केडीईची एकोणतिशी.) त्याचं म्हणणं खिडक्यांबद्दल नव्हतंच. विंडो मॅनेजर तेव्हाही ढिगानं होते. साध्या माणसाला रोजची कामं करता यावीत आणि सगळे भाग एकमेकांशी जुळावेत, एवढीच त्याची मागणी. पुढच्याच वर्षी ग्नोम आलं, कारण केडीई ज्या क्यूटी लायब्ररीवर उभं होतं तिचं लायसन तेव्हा पुरतं मोकळं नव्हतं. म्हणजे भांडण लायसनवरून होतं. सगळं जुळलेलं पाहिजे ह्यावर दोघांचंही एकमत होतं.

तर भाऊ, सवय तुमची आहे. ऑपरेटरची अजून कशाचीच नाही.

तेरणा | रविवार, रात्री ११:०५

जुन्या साहेबांना दंडवत, पण गोष्ट अर्धीच सांगितली.

सगळं छान जुळलेलं असतं ते जुळवणाऱ्याचं मन फिरेपर्यंत. केडीई ४.० जानेवारी २००८ ला आलं तेव्हा ३.५ वाले कसे बोंबलत होते आठवतंय ना? एप्रिल २०११ ला ग्नोम ३ आलं आणि खालची पट्टी, मिनिमाइजचं बटण, सगळंच गायब. त्याच महिन्यात उबुंटूनं युनिटी नावाचं स्वतःचं डेस्कटॉप डोक्यावर बसवलं, लोक कसेबसे शिकले, तर २०१७ ला तेही गुंडाळून परत ग्नोम. दर वेळी कुणीतरी लांब बसून ठरवणार की माझं बटण कुठं असावं.

मी डीडब्ल्यूएम वापरतो, तोही नुसता विंडो मॅनेजर. अख्खा प्रोग्राम २,००० ओळींच्या आत ठेवायचा असा त्यांचा नियमच आहे. सेटिंगची फाईल वगैरे भानगड नाही, सोर्समधली कॉन्फिग डॉट एच बदला आणि परत कंपाइल करा. माझी ती फाईल २०१३ पासून जवळपास तशीच आहे. मध्ये दोन लॅपटॉप मेले, नोकरी बदलली, लग्न झालं, शॉर्टकट तेच.

बिंदुसरा | रविवार, रात्री ११:११

लग्न झाल्यावरही शॉर्टकट तेच म्हणजे वहिनी फार चांगल्या हायेत.

उदगिरी | सोमवार, सकाळी ७:४८

तेरणा दादा, ग्नोम २ गेल्यावर लोकांनी काय केलं ते पण सांगा की. नुसता विंडो मॅनेजर उचलून वाचवला नाही, अख्खं डेस्कटॉप वाचवलं. मेट म्हणजे तेच ग्नोम २ वेगळ्या नावानं, फाईल मॅनेजर, पॅनेल, सेटिंग सगळ्यासकट. म्हणजे बटण हलवलं म्हणून राग आला तरी जुळलेलं असण्याची हौस काही गेली नव्हती.

माझा डीटीपीचा धंदा, मी प्लाझ्मा वापरते, म्हणजे केडीईचंच डेस्कटॉप. मला त्या ॲनिमेशनशी काही देणंघेणं नाही. पण गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतं, मी तो ओढून फोल्डरात टाकते, छोटं चित्र लगेच दिसतं, तिथूनच फिरवते, झिप करते, मोबाईलला परत पाठवते केडीई कनेक्टनं. मराठीचा कीबोर्ड एकदा सेटिंगात जोडला तो सगळीकडे मराठी. एका पत्रिकेत ह्या सगळ्या गोष्टी वीस वेळा होतात. वीस वेळा अडखळलं की संध्याकाळ होते.

बिंदुसरा | सोमवार, सकाळी ८:१५

मला बीडवाल्याला समजेल असं सांगतो. विंडो मॅनेजर म्हणजे ऊसतोडीचा मुकादम. तू इथं उभा राहा, तू तिथं, फड कुणाचा कुठवर, एवढंच त्याचं काम. टोळीच्या भाकरीचं, कोपीचं, बैलाच्या औषधाचं, पोरांच्या शाळेचं ज्याचं त्यानं बघायचं. डेस्कटॉप म्हणजे हे सगळं बघणारं कुणीतरी असणं. आता तुमचा कोयता एकटाच असंल तर मुकादम बास.

तेरणा | सोमवार, सकाळी ८:३०

मुकादम 😂 हे आवडलं. पण माझ्या मुकादमाची उचल शून्य आहे.

शब्दवेल | सोमवार, सकाळी ९:०२

अवांतर: "विंडो मॅनेजर", "डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट" ह्यांना मराठीत काही शब्द नाहीत का? खिडकी-व्यवस्थापक आणि मेजपृष्ठ-परिसर असे सुचवते.

विष्णुपुरी | सोमवार, सकाळी ९:०४

मेजपृष्ठ-परिसरात थुंकू नये.

शब्दवेल | सोमवार, सकाळी ९:२०

हसा. "संगणक" शब्दालाही हसलेच होते सगळे.

वाळूजचा_जुना | सोमवार, सकाळी ९:४१

मुकादम घ्या की, चांगला रुळलेला शब्द आहे. आणि ते मेजपृष्ठ वगैरे नको, त्याला गाव म्हणा.

परळीचा_इंजिनवाला | सोमवार, दुपारी १:१५

ह्या सगळ्यात धागाकर्त्याचा रॅमचा मुद्दा राहूनच गेला. भाऊ, माझ्याकडं ४ जीबीचाच लॅपटॉप आहे, दोन्ही लावून बघितलंय. आयथ्री आणि एक्सएफसीई हे हलकं डेस्कटॉप ह्यांच्यात चालू झाल्या झाल्या २०० एमबीच्या आसपास फरक पडला. त्यानंतर ब्राउझर उघडा आणि आठ टॅब करा, दीड-दोन जीबी गेलेच. तिथं मुकादम कुठला आहे ह्यानं काय फरक पडणार? झेडरॅम (रॅममधलाच माल दाबून बसवणारी सोय) चालू करा, हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, स्वस्तातली २५६ जीबीची बास होते. ४ जीबीवर ग्नोम किंवा प्लाझ्मा टाका असं मी पण म्हणणार नाही, पण एक्सएफसीई, एलएक्सक्यूटी, मेट आरामात पळतात.

आणि लाईटचं बघा. आमच्याकडं इन्व्हर्टर असूनही लॅपटॉप दोनदा टपकन बंद पडला होता, का तर नुसत्या विंडो मॅनेजरमध्ये बॅटरी संपत आली हे सांगणारंच कुणी नव्हतं. १५ टक्क्यांवर "चार्जर लावा" म्हणणारी ती चिठ्ठी पण कुणीतरी दाखवावी लागते, हे मला तेव्हा कळलं.

मांजराकाठ | सोमवार, रात्री १०:०८

सगळ्यांचे आभार. तरी म्हणलं एका मशीनवर प्रयोग करून बघू. आज रात्री आयथ्री टाकलंय, ब्राउझर, पीडीएफ, ऑफिस, फाईल मॅनेजर ह्यांचे चार शॉर्टकट कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवले. आठ दिवसांनी सांगतो.

बिंदुसरा | सोमवार, रात्री १०:१०

आठ दिवस? चार म्हणा. पैज लावतो, येळवशीची भज्जी न् आंबील.

मांजराकाठ | बुधवार, रात्री ९:३०

बिंदुसरा भाऊ, दोनच दिवस झाले. भज्जी खायला या.

शॉर्टकट ताईंनी पहिल्याच दिवशी पाठ केले, ते काय अडलं नाही. मराठी टायपिंगला मात्र मला आयबस (मराठी टायपिंगचा प्रोग्राम) हातानं लावावं लागलं, आयथ्रीच्या फाईलमध्ये एक ओळ आन वर तीन व्हेरिएबल. त्यातलं क्यूटीचं एक मी विसरलो, तर ब्राउझरात मराठी उमटायचं आन पीडीएफच्या शोधखान्यात इंग्रजीच. प्रिंटर जोडायला गेलो तर बटण दाबलं की गप्प. पासवर्ड विचारणारी खिडकीच येईना. दीड तासानं कळलं की ती खिडकी दाखवणारा पोलकिट एजंट वेगळा चालू करावा लागतोय.

पण खरी गोष्ट आजची. ताई पीडीएफमधून अर्जाचा नंबर कॉपी करतात, पीडीएफ बंद करतात, ब्राउझरात जाऊन पेस्ट करतात. तर पेस्टला काहीच येईना. परत पीडीएफ उघडली, कॉपी, बंद, पेस्ट, काहीच नाही. समोर सात-आठ माणसं लाईनीत, एक म्हातारबाबा सकाळी धा वाजल्यापासून बसलेले. मी आवाज चढवून बोललो की ताई तुम्ही नीट कॉपी करत नाहीत. त्या गप बसल्या आन नंबर हातानं टाईप केला, त्यात एक आकडा चुकला. मग मी स्वतः बसून करून बघितलं तर मलाही येईना! पाच वर्षांत मला असं कधीच झालं नव्हतं. हे कशामुळं होतंय?

तेरणा | बुधवार, रात्री ९:५८

हे मी सांगतो, कारण दगड आमच्या अंगणातला आहे.

एक्समध्ये (लिनक्सवर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा) कॉपी केलं म्हणजे मजकूर कुठं ठेवला जात नाही. ज्या खिडकीतून कॉपी केलं ती फक्त जाहीर करते की "माल माझ्याकडं आहे". दुसऱ्या खिडकीत पेस्ट केलं की ती पहिलीला जाऊन मागते आणि तेव्हा कुठं मजकूर हातात पडतो. मधल्या काळात पहिली बंद झाली की संपलं, पावती आहे पण आडत बंद. डेस्कटॉपात एक वेगळा राखणदार बसलेला असतो, तो खिडकी बंद होण्याआधी माल स्वतःकडं घेऊन ठेवतो. प्लाझ्मात क्लिपर, एक्सएफसीईत सेटिंगवाल्या डीमनमध्येच (मागं गुपचूप चालणाऱ्या प्रोग्राममध्येच) ते काम असतं. आयथ्री, डीडब्ल्यूएममध्ये तो आपला आपण आणून बसवायचा.

तुम्हाला पाच वर्षांत झालं नाही कारण तुम्ही खिडकी बंदच करत नसणार. दहा वर्कस्पेस, सगळं उघडंच. बरोबर?

मांजराकाठ | बुधवार, रात्री १०:०४

एकदम बरोबर. आन ताईंना मीच सांगितलेलं, रॅम कमी हाय, काम झालं की खिडकी बंद करत जा.

उदगिरी | बुधवार, रात्री १०:०९

उद्या सकाळी आधी ताईंची माफी मागा, मग क्लिपबोर्डचं बघा.

विष्णुपुरी | बुधवार, रात्री १०:१५

मला पण हे माहीत नव्हतं. मला वाटायचं माझं कंट्रोल-सीचं बटण खराब व्हायलंय. कीबोर्ड बदलला ना मी 😭

बिंदुसरा | बुधवार, रात्री १०:१६

मांजर दाखवणाऱ्या टर्मिनलातून काय कॉपी करायचास लेकरा?

वाळूजचा_जुना | बुधवार, रात्री ११:२०

तेरणा, प्रामाणिकपणाबद्दल सलाम. डीडब्ल्यूएमचा तो इमोजीचा किस्सा पण सांगा आता.

तेरणा | गुरुवार, सकाळी ७:३०

सांगायलाच पाहिजे का :) बरं. खिडकीच्या शीर्षकात रंगीत इमोजी आला की डीडब्ल्यूएम अख्खा कोसळायचा. दोष त्याचा नव्हता, अक्षरं काढणाऱ्या लिबएक्सएफटी लायब्ररीत होता, २०२२ च्या आवृत्तीत तो दुरुस्त झाला. पण तोवर माझ्या मामेभावानं पाठवलेल्या केकच्या चित्राला शीर्षकात बघून माझं अर्ध्या तासाचं काम गेलं होतं. तरी मी हलणार नाही. मला प्रत्येक भोक माहीत आहे, कारण प्रत्येक ठिगळ मी लावलंय. ऑपरेटरच्या मशीनवर मात्र मी पण डीडब्ल्यूएम टाकणार नाही, आमच्या ऑफिसातल्या मशीनवर मेटच आहे. हे आधीच सांगायला हवं होतं, भांडणाच्या नादात राहून गेलं.

गुरुजी_खडूवाले | गुरुवार, दुपारी ४:४०

शाळेतली एक अडचण विचारतो. पालक मेळाव्यात प्रोजेक्टर जोडला की लॅपटॉपवर दिसतं पण भिंतीवर नाही. भाच्याने काहीतरी हलकं टाकून दिलं आहे, काळी पट्टी आहे वर, नाव माहीत नाही. तो पुण्यात असतो, फोनवरून कमांड सांगतो, एक्सरँडआर अमुक तमुक, एचडीएमआय, मध्ये डॅश किती हे ऐकू येत नाही. समोर सरपंच बसलेले असतात. आणि मला आता बारीक अक्षर दिसत नाही.

परळीचा_इंजिनवाला | गुरुवार, संध्याकाळी ६:०२

गुरुजी, एक्सएफसीई टाका. प्रोजेक्टर जोडला की तोच विचारतो, इथंही दाखवू, का फक्त तिथं, का दोन्हीकडं वेगळं. चित्रं काढलेली असतात, बोट लावायचं. आणि बारीक अक्षरासाठी ऑल्ट दाबून माऊसचं चाक फिरवा, अख्खी स्क्रीन मोठी होते. मुलांनाही मागच्या बाकावरून दिसेल.

गुरुजी_खडूवाले | गुरुवार, संध्याकाळी ६:१०

ऑल्ट आणि चाक. लिहून घेतलं. भाच्याला सांगायचं कसं ते बघतो, त्याला वाईट वाटेल.

उदगिरी | गुरुवार, संध्याकाळी ६:३३

गुरुजी, भाचा पण मांजराकाठ दादांसारखाच, स्वतःला आवडलं ते मामाच्या मशीनवर टाकलं. रागवू नका त्याला.

मांजराकाठ | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ८:५५

धागा अर्धवट सोडला होता, सोयाबीनची काढणी होती आन इकडं फॉर्मची शेवटची तारीख.

तर काय केलं ते सांगतो. चारीत एसएसडी टाकली. ऑपरेटरच्या तीन मशिनींवर एक्सएफसीई. मराठी, प्रिंटर, स्कॅनर सगळं मिळून एका दुपारचं काम झालं. ताईंनी पॅनेल खाली आणलं, अक्षर मोठं केलं, आन तुळजापूरच्या देवीचा फोटो मागं लावला, मला न विचारता. आयथ्रीच्या दोन दिवसांत त्यांनी एकाही गोष्टीला हात लावला नव्हता, घाबरत होत्या. कॉपी-पेस्टचं गाऱ्हाणं संपलं. माफी मागितली होती, ती उदगिरी ताईंच्या माहितीसाठी.

चौथ्या माझ्या मशीनवर मधला रस्ता काढला. एक्सएफसीईच ठेवलं, फक्त त्याचा मुकादम बदलला. सेशनच्या सेटिंगात जिथं एक्सएफडब्ल्यूएम४ चालू होतंय तिथं आयथ्री लिहायचं, आन एक्सएफडेस्कटॉप बंद करायचं, नाहीतर तो वॉलपेपरच एक खिडकी म्हणून अर्धी स्क्रीन अडवून बसतोय. पॅनेल, क्लिपबोर्ड, बॅटरीची चिठ्ठी, पासवर्डची खिडकी सगळं एक्सएफसीईचं, खिडक्या तेवढ्या माझ्या पद्धतीनं. १५० एमबी जास्त जातात. जाऊ द्या.

तेरणा | शनिवार, रात्री ९:१०

हे एलएक्सक्यूटीत अजून सोपं आहे, तिथं सेटिंगात विंडो मॅनेजर निवडायचा खानाच आहे. बाकी काढलात मार्ग, छान. पण एक्सच्या जागी आता वेलँड येतंय, त्यावर आयथ्री चालत नाही, पुढं कधीतरी त्याच धाटणीचं स्वे बघावं लागेल. एक्सएफसीईनं डिसेंबर २०२४ च्या ४.२० मध्ये वेलँडला नुसता हात लावलाय, त्यामुळे चार-दोन वर्षं निवांत.

विष्णुपुरी | शनिवार, रात्री ९:१४

फोटो टाका.

मांजराकाठ | शनिवार, रात्री ९:२२

फोटोत काय नाही बाबा, डावीकडं पीकविम्याचं पोर्टल आन उजवीकडं आठ अ. परवा ताई माझ्या मागं उभ्या राहून बघू लालत्या. म्हणल्या, "सर, तुमच्या कम्प्युटरवर खिडक्या अशा एकमेकीला चिकटून कामून हायेत? जागा कमी पडली का?"